दादा, फोरकेमध्ये

३ नोव्हेंबर
टीव्ही आला. पंचावन्न इंची, फोरके. दादांच्या वर्षश्राद्धाला पंचवीस दिवस आहेत. त्या दिवशी सगळ्या भावकीसमोर दादांचा व्हिडिओ लावणार, असं मी शालूवहिनींना दहाव्यालाच सांगून ठेवलंय. गेल्या दिवाळीत दादा ओट्यावर बसले होते तेव्हा माझ्या कॅमेऱ्यावर घेतला. महिन्याभराने दादा गेले. म्हणजे हलते-बोलते दादा आता जगात फक्त माझ्या कार्डात आहेत. वर्षभर लावला नाही, कारण लायकीचा स्क्रीन नव्हता. आता आहे. आर्मीत बावीस वर्षं सिग्नलला काढली. अर्ध्या तासाचं काम.

४ नोव्हेंबर
कार्ड लावलं. टीव्ही म्हणतो, फॉरमॅट सपोर्टेड नाही. दोष टीव्हीचा.

६ नोव्हेंबर
कोरेगावला बादशहाभाईंच्या दुकानात. मोबाइल, लॅपटॉप सगळं दुरुस्त करतात. म्हणाले, व्हिडिओ एचईव्हीसीत आहे, टीव्हीला दुसरं काहीतरी लागतं, कार्ड ठेवून जा, संध्याकाळी बदलून देतो. दादांना दुकानाच्या ड्रॉवरमध्ये ठेवून यायचं मनाला पटेना. शिवाय आपण टेक्निकल माणूस. सॉफ्टवेअरचं नाव लिहून आणलं.

९ नोव्हेंबर
लॅपटॉपवर बदललं. एमकेव्हीत आवाज येतो, चित्र नाही. काळ्या स्क्रीनमधून दादा खोकले. बंद केलं. एमओव्हीत चित्र येतं, आवाज नाही. दादा सरळ माझ्याकडे बघून काहीतरी सांगतायत. नुसतं तोंड हलतंय. तेही बंद केलं. टेस्टिंगला तेवढं पुरे. दोन्ही बिघडलेल्या फाइली डिलीट केल्या. घोळ नको, एकच ओरिजिनल बरी. काम निम्मं झालं म्हणायला हरकत नाही.

११ नोव्हेंबर, दुपारी सव्वादोन
बायको, सुला, बचत गटाच्या मीटिंगला गेलेली. जेवून एरवी ओट्यावर पडतो, आज टीव्हीच्या खोलीत पडलो होतो. भिंतीतून दादांचा आवाज आला. शब्द कळले नाहीत, पण आवाज त्यांचाच. मग खोकला. उठून बघितलं. लॅपटॉप बंद. टीव्हीचा प्लग काढलेला. कार्ड डबीत.
टीव्हीत करंट साचून राहतो. त्याचं असणार.

१३ नोव्हेंबर, दुपारी
पुन्हा. तीच वेळ, तोच खोकला. टीव्हीवर चादर टाकली.
भिंतीपलीकडे दादा-वहिनींचं घर. दिवाळीपासून तिकडे पाय टाकलेला नाही. गेलो की व्हिडिओचं विचारतील. सुलाजवळ विचारलंच म्हणे. ऐंशी टक्के झाला, असा निरोप दिला.

१५ नोव्हेंबर
एमपीफोर, एव्हीआय, एमटीएस, डब्ल्यूएमव्ही. शिवाय प्रत्येकाच्या पोटात वेगळं कोडेक. आर्मीत एकदा फ्रिक्वेन्सी ठरली की लेहपासून जोधपूरपर्यंत सगळे त्याच फ्रिक्वेन्सीवर. ह्या कंपन्यांना एकत्र बसून एक फॉरमॅट ठरवता येऊ नये? वेगळा प्लेयर मागवला. आवाज बारीक, दादा हिरवे. परत पाठवला.
दुपारी दोनला मुद्दाम शेताकडे फिरायला गेलो. व्यायाम पाहिजेच.

१८ नोव्हेंबर
सुटलं. आज कार्ड घातल्यावर लॅपटॉपने आपणहून विचारलं, हे कार्ड वापरण्याआधी फॉरमॅट करावं लागेल, करू का? पंधरा दिवस ह्याच फॉरमॅटसाठी डोकं फोडतोय आणि हा आधी विचारेना. होय दाबलं. चार सेकंदात झालं म्हणाला. बादशहाभाईंना संध्याकाळपर्यंतचा वेळ लागणार होता.

१९ नोव्हेंबर
कार्डात काही दिसत नाही. आतल्या बाजूला असेल. कार्ड चालू आहे का बघायला अंगणातल्या कोंबड्यांचं शूटिंग घेतलं. कार्ड भरेपर्यंत. टीव्हीवर लावलं तर पहिल्या फटक्यात चाललं. पीस न् पीस दिसतं. म्हणजे कार्ड उत्तम आहे.

२० नोव्हेंबर
बादशहाभाईंकडे. त्यांनी कार्ड लावलं, माझ्याकडे बघितलं, शेजारचं स्टूल पुढे सरकवलं. फॉरमॅट म्हणजे पुसणं, म्हणाले. नुसतं पुसलं असतं तर काढून दिलं असतं, वरून कोंबड्या घ्यायला नको होत्या. चहा मागवला. मी प्यालो नाही.
सुलाला सांगितलेलं नाही. काम चालू आहे, एवढंच म्हणालो.

२१ नोव्हेंबर, दुपारी दोन वाजून दहा मिनिटं
आला. आवाज आला. कार्डात कोंबड्या आहेत, लॅपटॉपात काही नाही, दादा कशातच नाहीत, तरी आवाज येतोय. आज एक शब्द कळला. मानसिंग.
माझं नाव कधी एवढ्या हळू कुणी घेतलं नाही. पाय वर घेऊन खाटेवर बसून राहिलो. सुला आली तेव्हा चार वाजले होते. ताप आहे का, विचारलं. हो म्हणालो.

२४ नोव्हेंबर
रोज येतो. आता शेताकडेही जाववत नाही. दोन वाजले की ह्या खोलीतच येऊन बसतो.
प्लॅन ठरला. त्या दिवशी जेवणं झाली की मेन स्विच हळूच पाडायचा. लाइट गेली म्हणायचं. माणसं एसटीच्या वेळेने पांगतील. वहिनींना नंतर निवांत सांगता येईल. एक-दोन वर्षांत.

२८ नोव्हेंबर
सत्तर पानं उठली. पलूसहून प्रियदर्शनी आली, दादांची लेक. सगळी भावकी टीव्हीसमोर सतरंजीवर बसली. मी स्विच पाडला. प्रियदर्शनीने उठून वर केला. शेजारच्या घरात पंखा चालू होता, हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं.
सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी फॉरमॅटचं सांगायला सुरुवात केली. एचईव्हीसीपर्यंत आलो असेन. वहिनी स्वयंपाकघरातून हात पुसत आल्या. म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या भावजी. माज्याकडं हाय."
बटव्यातून आपला बारका फोन काढला. त्या दिवशी मी शूटिंग घेत होतो तेव्हा माझ्या मागे उभं राहून त्यांनीही घेतलं होतं. रोज दुपारी जेवण झालं की भिंतीला टेकून बघतात म्हणे. वर्ष झालं.
फोनभोवती सगळ्यांनी डोकी घातली. मला मागून थोडंच दिसलं. चित्र धुरकट. निम्म्या स्क्रीनवर माझी पाठ, कॅमेऱ्यावर वाकलेली. तिच्या कडेने दादांचा गुडघा. दादा काहीतरी बोलले. त्यावर माझाच आवाज आला, "हलू नका दादा, फोकस जातोय." कुणीतरी हसलं. प्रियदर्शनी रडायला लागली, म्हणून पुढचं ऐकू आलं नाही.

२९ नोव्हेंबर, दुपारी
दोन वाजता वहिनींकडे गेलो. दिवाळीनंतर पहिल्यांदा. कार्ड पुसलं, माझ्या हातानं, असं सांगितलं. त्या म्हणाल्या, "म्हाईत हाय. बादशाभाईंनी सुलाला फोन केलता, तुमच्याकडं ध्यान ठिवा म्हनून."
व्हिडिओ दाखवता का, विचारलं. फोन बंद पडलेला. काल सगळ्यांनी पुन्हा पुन्हा बघून चार्जिंग संपवलं, आणि चार्जर प्रियदर्शनीच्या पिशवीतून पलूसला गेला. मी घरून सगळ्या वायरी आणल्या. अकरा निघाल्या. एकही त्या पिनची नाही.
निघालो होतो. वहिनी म्हणाल्या, "बसा. मला पाठ हाय." भिंतीला टेकून बसल्या आणि सांगायला लागल्या, सावकाश, दादा बोलायचे तसं.
"मानसिंग, च्या गार व्हाय लागलाय. ये की गड्या, बस हितं. त्यावर तुमी म्हनला, हलू नका. मग खोकला येतो. मग म्हंत्यात, आरं ऱ्हाऊ दे ते, माजं काय बघायचं हाय, मला तुज्यासंगं बोलायचंय. तुमी काय बोलला न्हाई, बटनं दाबत हुता. मग माज्याकडं बघून म्हनले, ह्यो काय येत न्हाई. तूच बस. मग मी फोन बंद केला. तेवढंच हाय."
मी विचारलं, मग तुम्ही बसलात का?
"बसले की," म्हणाल्या.