मथुराबाईंच्या नावाचं कडवं

८ जानेवारी
तुरीच्या शेंगा सोलायला बसले आणि सासरची, मुरुम गावची ओसरी आठवली. माझं नवं लग्न. थोरल्या जाऊबाई, अक्का, समोर बसून सोलत होत्या. मी कॉन्व्हेंटची, शेंग कुठं दाबायची तेही कळेना. अक्का गुणगुणायला लागल्या आणि माझी बोटं आपसूक चालली. "बघ, हाताला बी ठेका लागतो." बस्स, एवढंच.

दुपारी पुण्याहून केतकी नावाच्या मुलीचा फोन. टीव्हीच्या जुन्या साठ्यात अक्कांच्या, देवीची गाणी म्हणणाऱ्या आराधी मेळ्याचं चित्रण सापडलंय. त्यात अक्का गाताहेत आणि मागं ओळ उचलून झील धरायला त्यांच्या गुरू मथुराबाई. नव्या प्रेक्षकांसाठी उजळून धाराशिवला पडद्यावर दाखवणार.

११ जानेवारी
मुरुमला जाऊन अक्कांना सांगितलं. त्यांनी एकच विचारलं, "मथुराबाई दिसंल?"
मथुराबाईंचा एकही फोटो नाही. मूलबाळ नव्हतं. मेळ्याची रीत अशी की जिनं शिकवलं तिचं नाव शेवटच्या कडव्यात घ्यायचं. ते घेईपर्यंत तुणतुणं खाली ठेवायचं नाही, जागचं उठायचं नाही.
"घेतलंय म्या नाव. लई मोठ्यांदा."
टीव्हीवर लागलं त्या दिवशी गावात वीज नव्हती. अक्कांनी ते कधी पाहिलंच नाही.

२५ जानेवारी
काल कार्यक्रम झाला. लिहवत नाही, तरी लिहिते.
कृष्णधवल चित्राला रंग भरलेले. अक्कांचं लुगडं लाल. "हिरवं व्हतं की गं," अक्का कुजबुजल्या. गाण्याखाली कुठलासा धडधडता ठोका. चित्र मोबाइलच्या मापाचं, उभं, म्हणून पडद्यावर अक्कांचा तेवढा चेहरा. कडेला एक हात झांज वाजवत यायचा, जायचा. अक्कांनी माझं मनगट घट्ट धरलं. "मथुराबाईचा हात!"
हातच तेवढा.
मग मध्येच टाळ्या, दिवे. अक्का उठेनात. केतकी गुच्छ घेऊन आली.
"आजी, उठा ना, फोटो काढू."
"संपलं न्हाय अजून."
"संपलं हो, आजी."
"बाई, गाणं माझं हाय का तुझं?"
लोक हसले. केतकीही हसली. मी विचारलं तेव्हा म्हणाली, "मॅम, शेवटचं कडवं नुसतं नावाचं होतं. कोण मथुराबाई, नव्या लोकांना काय कळणार?"
तेच तर कळणार होतं.
हॉलवाला पंखे बंद करायला लागला. शेवटी मीच दंडाला धरून अक्कांना उठवलं. रिक्षात त्या एकच बोलल्या, "तू उठवलंस व्हय मला."

६ फेब्रुवारी
मूळ चित्रण मागितलं. केतकी गोड बोलते: आमच्याकडं नाही, परत पाठवलं. मग टीव्हीवाल्यांना पत्र लिहिलं. असं इंग्रजी की शाळेतल्या सिस्टरनी पाठ थोपटली असती. उत्तर आलं, पत्र मिळालं. पुढं काही...
इकडं तो तुकडा सगळीकडं फिरतोय. भिशीतल्या बायका मलाच पाठवतात. "किती गोड आजी!" खाली फुलं.
गोड.

१९ फेब्रुवारी
फोन घेऊन मुरुमला. म्हटलं, अक्का, तेवढं नावाचं कडवं म्हणा, मी रेकॉर्ड करते.
"मुळाबिगर शेंडा? आदी सगळं गाणं, मग नाव."
बसल्या. पहिल्या कडव्यातच दम लागला. डोळे मिटून म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे."

८ मार्च
अक्कांनी अंथरूण धरलंय. मी इथंच राहिले आहे. पत्राचं अजून काही नाही. आज त्या म्हणाल्या, लिहून घे.
कवड्यांची माळ वाशीच्या लेकीला. परडी देवळात. हिरवं लुगडं ट्रंकेत तळाशी आहे, ते पुण्याच्या पोरीला. "रंग बघ म्हणावं."
तुणतुणं? "तुला."
आणि मथुराबाईंचं नाव?
"ते बी तुला. पर फुकट न्हाय. गाणं सबंद आलं म्हंजी नावाचं कडवं सांगंन. तुझी जीभ अजून मिशनच्या शाळंतच हाय, शैला."
"तुम्ही शिकवाल तशी वळेल, अक्का."
"बघू, तुझी जीभ आदी वळती का माझी बोबडी."
संध्याकाळी बसलो. दुसरं कडवं कसंबसं बसलं. तिसऱ्याला अक्कांचा डोळा लागला.
तुणतुणं माझ्या मांडीवर आहे. नाव घ्यायचं राहिलंय, खाली कसं ठेवू?