करडे ठिपके

१ डिसेंबर
कॉम्प्युटर सुरू केला की स्क्रीनवर रोज तेच – 'वेलकम, सरिता'. अरे, मी सरिता नाही! आज नाव बदलायला बसले तर चौथीतली दिव्यानी धावत आली. "राहू द्या ना जी, बाई." डोळ्यांत पाणी. दिलं राहू.
सरिता म्हणजे माझ्याआधी इथे मुलांना डिझाइन शिकवणाऱ्या बाई. त्यांची बदली कुठे झाली, असं शिपाई मुखरूभाऊंना विचारलं. "त्या गेल्या जी," म्हणाले आणि झाडू घेऊन व्हरांड्यात गेले. गेल्या तर गेल्या. जाताना नाव तरी पुसायचं!

४ डिसेंबर
स्पर्धेचा विषय आला – 'माझ्या शाळेचा रस्ता'. पोस्टर मुलांनी मिळून कॉम्प्युटरवर काढायचं. निवड झाली तर सगळ्यांना नागपूरला नेणार, मोठ्या पडद्यावर चित्र दाखवणार! माझ्या पोरांपैकी कित्येकांनी आलापल्लीच्या पुढचं काही पाहिलेलं नाही. त्यांना न्यायचंच. नाशिकहून इतक्या लांब मी काय जंगल बघायला आले?
सकाळी आलापल्लीच्या खोलीवरून शाळेत येताना वळणावरच्या मोहाच्या झाडावर सुंदर तिरकं ऊन होतं. स्कूटीवरूनच फोटो काढला. झाडाखाली दगडांचा ढीग आहे, रस्त्याच्या कामाचा असेल. हाच फोटो खाली ठेवून मुलांनी वर गिरवायचं, ढीग तेवढा वगळायचा, असं ठरवलं.
फोटो स्क्रीनवर आला आणि वर्ग चिडीचूप. माझा वर्ग, आणि गप्प! फारच आवडलेला दिसतोय.

८ डिसेंबर
लेयर शिकवले. पारदर्शक कागद एकावर एक ठेवायचे, तसं. निकेश म्हणाला, "खालचं दिसत नाई, मंग ते मेलं काय जी?"
"मेलं कशाने? नुसतं झाकलंय. आहे तिथेच."
त्याने दिव्यानीकडे पाहिलं. दोघंही हसली नाहीत.
चित्र मात्र झकास होतंय. सागाच्या पानांना दिव्यानीने जो तपकिरी रंग दिलाय, तो मला जन्मात सुचला नसता. फक्त झाडाखाली कोणीतरी एक करडा ठिपका काढून ठेवलाय. पुसला.

९ डिसेंबर
पुन्हा ठिपका. त्याच जागी. पुसला.

१० डिसेंबर
परत! "चित्रात मोकळी जागा लागते, पसारा नको," असं पाऊण तास ओरडून सांगितलं. सगळ्यांच्या माना खाली. पालथ्या घड्यावर पाणी.

१२ डिसेंबर
आज कहर. ठिपका होताच. तो पुसला आणि लेयरलाच कुलूप लावलं. करा आता काय करायचं ते!
दिव्यानी हुंदके देऊन रडली. "पुसू नोका जी, बाई. पुसू नोका." का, ते सांगेना. हट्टी आहे पोरगी. मला वाईट वाटलं, पण स्पर्धा म्हणजे स्पर्धा.

१५ डिसेंबर
पोस्टर पाठवलं. एकदम स्वच्छ.
परतताना वळणावर स्कूटी हळू झाली. की मीच केली? मागच्या सीटवर कोणी येऊन बसावं तशी गाडी जड वाटली. मागे बघायचा धीर झाला नाही. खोलीवर आल्यावर बघितलं. रिकामीच होती. आता काय दिसणार होतं म्हणा!

१९ डिसेंबर
दिव्यानी हल्ली रोज उशिरा येते. पाय गुडघ्यापर्यंत धुळीने भरलेले. घर शाळेच्या मागेच, तरी उशीर! रागावले.

२७ डिसेंबर
वळणावर आताशा श्वास रोखून जाते. कारण माहीत नाही.

३ जानेवारी
निवड झाली! परीक्षकांनी लिहिलंय – 'नेमकी, मोकळी रचना'. मोठी प्रिंट काढून भिंतीवर लावली आणि मुलांना सांगितलं, चला नागपूरला! कोणी टाळीसुद्धा वाजवली नाही.
मुखरूभाऊ झाडू धरून प्रिंटसमोर उभे राहिले. "ढिगारा कुठी आहे जी?"
"कसला ढिगारा?"
"सरिताबाईचा. तिथीच तं गेल्या त्या."
गेल्या. महिन्यापूर्वी हाच शब्द ऐकून मी बदली समजले होते!
मागच्या हिवाळ्यातली गोष्ट. मुलांना गिरवायला फोटो हवा म्हणून त्या मोहाखाली थांबल्या होत्या. "त्यानं नेलं," मुखरूभाऊ म्हणाले. वाघाचं नाव त्यांनी घेतलं नाही. "तवापासून तिथून जाणारा एक दगड ठेवते. नाई ठेवला तं गेलेलं माणूस सोबत मांगते."
"मला सांगितलं का नाही कोणी?"
"सांगतलं असतं तं तुमी आल्या असत्या काय? मोठ्या सरनं पोरायले बी दम देल्ला होता. सांगाल तं ह्या बाई बी पळून जातीन म्हणे."
मग दिव्यानी बोलली. माझ्याकडे न बघता. "तुमी तं ठेवत नाई जी. गाडीवरून तशाच जाता. म्हणून आमी तुमच्या नावानं चित्रात ठेवून राह्यलो होतो. तुमी पुसून टाकले."
ते दगड होते. माझ्यासाठी ठेवलेले. आणि पसारा म्हणून मी एकेक पुसला, वर ओरडले! कोणत्या तोंडाने यांना नागपूरला नेऊ? भीतीही वाटतेय, खोटं कशाला लिहू. सरिताबाईंची नाही वाटत तेवढी माझीच वाटतेय.

४ जानेवारी
आज वळणावर उतरले. दगड ठेवायला वाकले आणि पाहिलं. ढिगातले वरचे दगड नवे आहेत. प्रत्येकावर पांढऱ्या खडूने एक छोटी स्कूटी काढलेली. समोर धुळीत लहान अनवाणी पावलं, शाळेकडून आलेली, शाळेकडे गेलेली. मी चित्राला कुलूप लावलं, तेव्हापासून ही पोर रोज इथवर येतेय. एकटी.
हातातला दगड दिव्यानीच्या नावाने ठेवला.