चौथ्या किलोमीटरवरची हळद

मुक्काम जोडरस्ता, किलोमीटर चार,
हट्टा शिवार, गुरुवार

दत्तोपंत,

दस्तगीरचा सलाम, आणि पत्र देवघरात उघडलंत तर नमस्कार. कंबर कशी आहे? मंदिराच्या पायऱ्या एका दमात चढू नका म्हणून मी दिवाळीतही सांगितलं होतं, तुम्ही ऐकलं नसणारच. तुमचा चिन्मय फोनवर म्हणाला की परवापासून पंचांग सापडत नाही म्हणून तुम्ही घर डोक्यावर घेतलंय. सापडेल. (घरातली वस्तू घरात नसली की घरच्याच माणसाकडे असते, असं आमच्या अम्मी म्हणायच्या.) विजयावहिनी इकडे हट्ट्याला माहेरी आल्यामुळे तुमच्या जेवणाचेही हाल असतील. जाहेदा खुशाल आहे, म्हणजे माझ्याशी बोलत नाही. फोन सोडून पत्र लिहितोय, कारण फोनवर तुम्ही ‘बघू’ म्हणता आणि ठेवून देता. पत्र मधेच ठेवलंत तरी ते तिथंच पडून राहतं.

तर आमचा जोडरस्ता तुम्हाला ठाऊक आहे. इकडे नागपूरच्या बाजूचा थोर महामार्ग, तिकडे नांदेडच्या बाजूचा तेवढाच थोर, आणि दोघांची गाठ घालून द्यायला मधे हा नऊ किलोमीटरचा. सोयरीक जुळवणाऱ्या मध्यस्थासारखा. त्याला स्वतःला कुठंच जायचं नाही. पण थाट बघा! चार पदरी, मधे दुभाजक, दोन्हीकडं कुंपण. दोन महिने झाले तयार होऊन, उद्घाटनासाठी पडून आहे. या रस्त्यात आमचं खळं गेलं. कागदावर सही करताना मी फार मोठ्या मनाचा झालो होतो. (जाहेदाला विचारायचं राहून गेलं. मोठ्या मनाच्या माणसाकडून एवढं व्हायचंच.)

आता हे खळं म्हणजे काय, हे तुम्हाला सांगायला नको. लहानपणी तिथंच आपण पतंग फाडले. पण जाहेदानं यंदा तिच्या आईकडून आलेल्या दोन एकरांत पहिल्यांदा स्वतःच्या जिद्दीवर हळद लावली, हे तुम्हाला माहीत नसेल. मी सोयाबीन म्हणत होतो. सगळं गाव सोयाबीन म्हणत होतं. तिनं नऊ महिने एकटीनं ती हळद वाढवली, काढली, शिजवली, आणि मग मला म्हणाली, “खळं तुमी दिलं न, आता वाळवायला जागाबी तुमीच द्या.” पंत, शिजवलेली हळद पंधरा दिवस कडक उन्हात सपाट जागी पसरावी लागते. अर्धवट ओली भरली तर पोत्यात बुरशी धरते आणि वर्ष वाया. माझ्याकडं तेवढी सपाट जागा उरली नव्हती. होती ती चौथ्या किलोमीटरवर, डांबराखाली.

मग मी विचार केला की खळं काही पळून गेलेलं नाही. वर फक्त रस्ता आलाय. कुंपणाची तार वाकवून आम्ही आमच्या खळ्याच्या बराबर वर हळद पसरली. दुसऱ्या दिवशी शेजारच्या गोजरबाई आल्या. आठवड्यात नऊच्या नऊ किलोमीटर पिवळे झाले. एवढं मात्र नियमानं चाललंय: संध्याकाळी ढीग करून ताडपत्री, सकाळी पुन्हा पसरणं, आणि पांढऱ्या पट्टीच्या पलीकडं कुणी जायचं नाही. (लेन पाळणारी माणसं आपल्या जिल्ह्यात पहिल्यांदाच दिसली.)

अडचण मोबाइलमधल्या नकाशानं केली. त्यानं रस्ता परस्पर चालू करून टाकला. हरयाणाचा एक भला मोठा ट्रक कठडे बाजूला सारून आत घुसला. ड्रायव्हरनं विचारलं, “रोड बंद है क्या?” मी म्हणालो, “रोड चालू है, हल्दी गीली है.” तो वाद घालणार होता, पण तेवढ्यात जाहेदा हातात फावडं घेऊन उठली आणि तो चार किलोमीटर उलटा गेला, आरशात बघत. त्यानंतर वाशीमकडची एक वरात आली. आम्ही ओरडेपर्यंत नवरदेवाआधी त्याच्या गाडीला हळद लागली होती. गोजरबाईंनी नवरदेवाला खाली उतरवून चाकाखालची हळद वेचायला लावली. बिचाऱ्यानं फेट्यासकट वेचली.

काल मात्र इंजिनियरसाहेब आले. तरुण, पांढरे बूट. “हे कुणाचं आहे?” म्हणाले. मी जुना सातबारा दाखवला. ते म्हणाले, ही जमीन आता सरकारची. मी म्हणालो, जमीन तुमचीच, आम्हाला फक्त वरचं ऊन पाहिजे. ते हसले नाहीत. येत्या मंगळवारी मंत्रीसाहेब फीत कापायला येणार, सोमवारी संध्याकाळपर्यंत रस्ता झाडून पाहिजे म्हणाले. गोजरबाई म्हणाल्या, “येऊन राहिले त येऊ द्या की! हळदीवरून चालले त काय पाय झिजतील त्यांचे?” जाहेदानं एक हळकुंड उचललं आणि मोडून बघितलं. पंत, वाळलेली हळद मोडली की कट्ट वाजते. तिची वाकली. तिनं माझ्याकडं बघितलं, आणि चाळीस वर्षांच्या संसारात मला एवढी लाज कधी वाटली नव्हती.

पुढच्या शुक्रवारपर्यंत ती वाजेल. तोपर्यंत मी हलणार नाही. खाट इथंच टाकलीय, पाण्याचा माठ दुभाजकावर ठेवलाय, आणि पत्ता वर लिहिलाच आहे. एकदा खळं न विचारता देऊन बसलो. दुसऱ्यांदा देणार नाही.

लेकरांना आशीर्वाद. औषध वेळेवर घ्या.

तुमचा,
दस्तगीर

ता. क. मंत्रीसाहेब मुहूर्ताशिवाय कात्री हातात धरत नाहीत असं कळलं. त्यांचा माणूस शनिवारी तुमच्याकडंच येणार आहे. मी तुम्हाला खोटं बोला म्हणत नाही. तीस वर्षांत तुम्ही मुहूर्त मिनिटभर हलवला नाही. चिन्मयच्या लग्नात गारा पडत असताना अक्षता टाकायला लावल्या, मी भिजलेला साक्षीदार आहे. फक्त मंगळवार जरा बारकाईनं बघा. त्यात काही ना काही वाईट असेलच. त्यानंतरचा शनिवार मला चांगला वाटतो.

ता. क. दुसरा. वहिनींनी सांगू नका म्हणून बजावलं होतं, पण तकलीफ होतेय. त्यांनीही माहेरच्या एकरात यंदा हळद केलीय. आमच्या शेजारीच पसरलीय, चौथ्या किलोमीटरवर. परवा शिजवली, तिला आमच्याहून जास्त दिवस लागतील.

ता. क. शेवटचा. तुमचं पंचांग सुखरूप आहे. वाऱ्यानं ताडपत्री उडू नये म्हणून वहिनींनी ते तिच्या कोपऱ्यावर ठेवलंय, वर दगड आहे. मंत्र्याचा माणूस आला तर खुशाल खरं सांगा की पंचांग हाताशी नाही. वहिनी म्हणाल्या, हळद कट्ट वाजली की परत देईन.