ताईसाठी आभाराची उपासना

रविवार, ३ मार्च

'देवाच्या दारात ताटकळलेल्या माझ्या भावंडांनो, आपलं सगळ्यांचं गाऱ्हाणं एकच—तो ऐकत नाही!' उपदेशाची सुरुवात अशी केली. मग म्हणालो, आपण मागतो आणि वाट बघत बसतो, तिथेच चुकतं. मिळालंच असं धरून आभार माना! माझी ताई बरी झाली आहे—आजपासून कोणी तिला आजारी म्हणायचं नाही!

आमेनचा गजर झाला. मागच्या बाकांवरचे पेंगणारेही उभे राहिले.

घरी आलो तर ताई उशीला टेकलेली. पोट फुगलंय, हातांच्या काड्या झाल्यात. म्हणाली, 'बरी झाले म्हणे मी. मलाच उशिरा कळलं.'

सोमवार, ४ मार्च

नर्सबाई इंजेक्शन देऊन निघाल्या. दारात हळूच म्हणाल्या, 'पाळकसाहेब, कुणाला भेटायचं असेल तर बोलावून घ्या.' मी म्हणालो, 'या घरात अविश्वासाचं बोलायचं नाही.' त्यांनी चपला घातल्या आणि गेल्या.

बुधवार, ६ मार्च

ताईने चर्चच्या कपाटाची किल्ली पुढे केली. प्रभुभोजनाच्या मेजावरचं कापड आई गेल्यापासून तीच धुते. 'द्राक्षरसाचा डाग पडला तर आधी गार पाणी. गरम घातलं की कायमचा बसतो. कुणाला तरी सांगून ठेव.'

'तूच धुशील.'

'अरे गाढवा, घे की!'

नाही घेतली.

गुरुवार, ७ मार्च

शिंपीणबाई आल्या होत्या—ताईची शाळेपासूनची मैत्रीण. 'लेकीचं बाळंतपण आहे गं. पण तुला अशी सोडून कशी जाऊ? खरं सांग, कशी आहेस?'

ताईने माझ्याकडे पाहिलं. मी डोळ्यांनीच बजावलं.

'बरी आहे. जा बिनघोर.'

'देवा, कमाल आहे तुझी!' बाईंनी तिचे मटामटा मुके घेतले. हसत गेल्या.

ताई भिंतीकडे वळली. म्हणाली, 'आता नाही भेटायची ती. शेवटचं बोलले ते खोटं. तुझ्या देवासाठी.'

माझ्या देवासाठी! ज्याच्यापुढे हात जोडायला मला हिनेच शिकवलं!

शुक्रवार, ८ मार्च

जेवलो नाही. प्रार्थनाही नाही.

शनिवार, ९ मार्च

उपदेश लिहायला बसलो. शब्द मला कधी कमी पडले नाहीत, हे माझे वैरीही कबूल करतील. आज एक ओळ सुचेना. मेलेल्या मित्राला जिवंत उठवणार हे ठाऊक असूनही प्रभू त्याच्या कबरेपाशी आधी रडला—किती रंगवून सांगत आलो मी हे! आणि माझ्या घरात कुणाला डोळे पुसायचीही सोय ठेवली नाही. भ्यालो होतो मी. त्या भीतीला सगळ्या मंडळीकडून आमेन म्हणवून घेतलं!

शिंपीणबाईंच्या लेकीकडे फोन लावला. 'बाई, ताई तुमच्याशी खोटं बोलली. मीच—' पुढे जमेना.

बाईंनी पुढचं ओळखलं. मग, 'निघतेच मी. तिला सांग, झोपायचं नाही. मला भांडायचंय तिच्याशी.'

ताईला सांगितलं. हसली. कितीतरी दिवसांनी खरं हसली.

रविवार, १० मार्च

व्यासपीठावरून एवढंच बोललो: 'माझी ताई बरी झालेली नाही. ती चाललीय. आज उपदेश नाही. उठा, माझ्या घरी जा, आणि एकेकाने तिचा निरोप घ्या—आत्ता.'