कोणता अर्गिरिस?

व्होलोस बंदर, शनिवार

आदरणीय झाफिरो आजी,

तुझे दोन्ही हात डोळ्यांना लावून धाकट्या अर्गिरिसचा नमस्कार. गुडघे कसे आहेत? शेळी व्याली का? मी खुशाल आहे (एका डोळ्याने, दुसऱ्याला मधमाशी चावली, ती हकीकत मोठी आहे आणि तिच्यात एक पाद्रीबुवाही येतात, ती समक्ष सांगेन).

आजी, मी थक्क झालोय! मंगळवारचा तो भामटा फोनवर रडला ना, ‘आजी, मी अर्गिरिस, माझ्या गाडीखाली माणूस आला, सोन्याची नाणी बाल्कनीतून टोपलीत सोड,’ ते सगळं मला गावाकडून आलेल्या बोटीवरच्या खलाशाने सांगितलं. त्या बिचाऱ्याला काय ठाऊक, आजोबांचं नाव तुझ्या तिन्ही मुलांनी आपापल्या थोरल्याला ठेवलंय! तू नुसतं विचारलंस, ‘कोणता रे?’ तो म्हणाला, ‘सगळ्यात मोठा.’ आणि सगळ्यात मोठा तुझ्यासमोर घेवड्याचं सूप ओरपत बसलेला. ‘बाळा, तू तर इथे जेवतोयस, मग रडतोय कोण?’ असं तू म्हणालीस म्हणे. हे ऐकून मी असा हसलो, असा हसलो, की कठड्यावरून वाकलो आणि माझा फोन समुद्रात गेला.

म्हणून गुरुवारी कॉफीवाल्याच्या फोनवरून तुला फोन केला, ईस्टरला घरी येतोय म्हणून. पण तू काय ऐकतेस! फोन ठेवलास, माझ्या जुन्या नंबरावर उलटा फोन लावलास (अगदी बरोबर केलंस, पण तिथे आता मासे आहेत), आणि मी पुन्हा फोन केल्यावर माझी परीक्षा घेतलीस. ‘गेल्या ईस्टरला लाल अंड्यांच्या टकरीत कुणाचं अंडं फुटलं नाही?’ ‘तुझं, आजी.’ ‘ते तर गावाला ठाऊक आहे. का फुटलं नाही, ते बोल.’ कॉफीवाला कान देऊन ऐकत होता. मेरीमातेच्या तसबिरीखाली तूच मला शपथ घातली होतीस, कुणाच्या कानावर घालायचं नाही म्हणून. मी म्हणालो, ‘तुझ्या पुण्याईने.’ ‘लबाडा! माझा अर्गिरिस असता तर त्याला कारण ठाऊक असतं,’ म्हणालीस आणि फोन आपटलास. शपथ घालायची तूच, तिच्यावरच प्रश्न काढायचा तूच! अशा बाईपुढे भामट्यांनी काय करावं?

आशीर्वाद असू दे.

तुझाच (खरोखरचा),
अर्गिरिस, यानिसचा

ता. क. यानिस म्हणजे तुझा मधला मुलगा. बाबांना सांग, धक्क्यावर मासे मारायचा भाला घेऊन उभे राहू नका. बुधवारच्या बोटीतून उतरणारा मीच.

ता. क. दुसरा. हे बाबांकडून वाचून घेऊ नकोस, चष्मा फ्रिजवर असतो. अंडं लाकडाचं होतं. लाल रंग मीच दिला होता, तुझ्या ओट्यावर बसून.

ता. क. तिसरा. बुधवारी बाल्कनीतून टोपली सोड. नाणी नकोत. तिच्यात ते अंडं ठेव. यंदा मी जिंकणार आहे.