चिवड्याची जागा आणि गांडुळवाला

ती. शैलजामावशीस विनीताचा साष्टांग नमस्कार. (साष्टांग कागदावरच समज. कंबर धरली आहे, खाली गेले तर हे पत्र जमिनीवरूनच पुरं करावं लागेल.) तुझे गुडघे कसे आहेत? तुझी आसावरी इकडे सनीव्हेलला परतल्यावर तिचा फोन आला होता. म्हणाली, आई आता सोसायटीच्या पायऱ्या धडाधड चढते आणि वर पोचल्यावर सेक्रेटरीशी भांडते. ऐकून बरं वाटलं. तू भांडतेस म्हणजे तब्येत ठणठणीत आहे.

आमची हकिगत ऐक. अतुलच्या नोकरीपायी आम्ही मिशिगनमधलं ट्रॉय सोडून इंडियानातल्या या केलर्सव्हिलला आलो, हे तुला ठाऊक आहेच. गाव एवढंसं. एक ट्रॅक्टरच्या पार्ट्सचा कारखाना, चार चर्च आणि नजर जाईल तिथवर मका. मेन स्ट्रीटवरची निम्मी दुकानं बंद. ती उघडावीत म्हणून गावाने डग नावाचा एक भला माणूस पगार देऊन नेमलाय. गावात धंदे आणायचे, माणसांच्या भागीदाऱ्या जुळवायच्या, हे त्याचं काम. (आपल्याकडे लग्नं जुळवणाऱ्या बाया असतात ना, तसाच. फक्त पत्रिका बघत नाही.) आता इथे लॉइड म्हणून एक म्हातारबुवा आहेत, त्यांची मक्याची गिरणी आहे. त्यांचे मक्याचे पोहे मी मुठीत घेतले मात्र, मला तुझा चिवडाच दिसायला लागला! पोहे लॉइडचे, फोडणी माझी. न्यू जर्सीत एडिसनच्या ओक ट्री रोडवरचा एक देसी दुकानदार दिवाळीला माल घ्यायला तयार झाला. राहता राहिली जागा. मेन स्ट्रीटवर एक बंद पडलेली बेकरी होती, आत भट्ट्यांसकट सगळं शाबूत. मावशी, मला ती जागा इतकी हवी होती की दूध आणायला जातानाही मी गाडी मुद्दाम तिच्यासमोरून न्यायचे.

तर डग घरी आला. दारात बूट काढले, सोफ्यावर बसला, चहा घेतला आणि म्हणाला, गाव तुम्हाला ती बेकरी नाममात्र भाड्याने द्यायला तयार आहे. आता मी काय म्हणावं? वीस वर्षं अमेरिकेत काढली, ऑफिसच्या मीटिंगमध्ये कुणाला ऐकत नाही, पण माणूस बूट काढून घरात आला की माझ्यातली सदाशिव पेठ जागी होते. मी म्हटलं, अय्या, छे छे, आमच्यासाठी एवढं कशाला! दुसऱ्या कुणाला गरज असेल तर द्या हो. म्हटलं आणि त्याच्या आग्रहाची वाट बघत बसले. आग्रह कसला नि काय! त्याने मान डोलावली, किती मोठ्या मनाच्या हो तुम्ही म्हणाला, बूट घातले आणि गेला. पुढच्या आठवड्यात कळलं, बेकरी गेरी... नव्हे, गावातल्या गॅरीला दिली. (बघ, नावसुद्धा धड लिहिता येत नाही इतका संताप झाला.) गॅरीचा धंदा कसला? मासे पकडायला लागणारी जिवंत गांडुळं! माझा हातातोंडाशी आलेला घास गांडुळांनी खाल्ला गं. मी दोन दिवस अतुलशी बोलले नाही. त्याची काही चूक नव्हती, पण घरात तोच होता.

तिकडे लॉइडबुवांना मी भागीदारीचं विचारलं होतं, त्यांनीही नम्रपणे नकार दिला होता. शेवटी म्हटलं, धंदा गेला खड्ड्यात, माणसं चांगली आहेत. म्हणून डग, लॉइड आणि गॅरी तिघांना पुरणपोळीला बोलावलं. डग दुसऱ्या पोळीला नको म्हणाला, मी वाढली. तिसरीला ताटावर हात धरले, मी बोटांच्या फटीतून तूप सोडलं. बिचारा घामाघूम होऊन विचारतो, मी नको म्हणतो तरी तुम्ही वाढता कशा? तर आमची अनिका (मराठीत विचारलं तरी उत्तर इंग्रजीत देणारी) त्याला म्हणाली, आमच्याकडे पहिलं नको धरत नाहीत, दुसरंही नाही. डगचा घास हातातच राहिला. म्हणजे त्या दिवशी बेकरी...? मी मान खाली घालून हो म्हटलं. तेवढ्यात लॉइडबुवा खाकरले. म्हणाले, मलाही भागीदारी हवीच होती, पण वाटलं, बाई सौजन्य म्हणून विचारतायत, उगाच गळ्यात कशाला पडा. आणि गॅरी? त्याला तळ्याकाठचा बंद पेट्रोल पंप हवा होता, पण डग इतक्या आनंदाने बेकरीची किल्ली घेऊन आला की त्याचं मन मोडवेना! मावशी, आम्ही चौघं इतके हसलो की अतुल आतून पाणी घेऊन धावत आला. गॅरीने खिशातून किल्ली काढून तिथेच पुरणाच्या ताटाशेजारी ठेवली. मी मात्र हसता हसता रडले.

गेल्या शनिवारी फीत कापली. इथे फीत कापायला माणसाएवढी कात्री आणतात, ती मी आणि लॉइडबुवांनी मिळून धरली. निम्मा गाव लोटला होता. मेयरबाईंनी चिवडा तीनदा मागून घेतला. आनंदीआनंद आहे.

अतुलचा नमस्कार, अनिकाचा गोड पापा.

तुझी,
विनीता

ता.क. मेथीचे डिंकलाडू पोचले. अतुलने लपवले होते, सापडले.

ता.ता.क. एक सांगायचं राहिलं. फीत कापताना गावाने जो चिवडा खाल्ला, तो तू आसावरीबरोबर पाठवलेल्या आणि तिने मला पार्सल केलेल्या डब्यांतला होता. माझा संध्याकाळपर्यंत सादळतो. सातदा केला, सातदा सादळला. एडिसनचा माल पुढच्या महिन्यात जायचाय, लॉइडबुवांनी गिरणीत नवं यंत्र बसवलंय आणि डब्यात तुझा चिवडा मूठभर उरलाय. तुझा दहा वर्षांचा व्हिसा पासपोर्टात नुसता पडून आहे. कढईला हात लावू नकोस, खुर्चीत बसून मला ओरड फक्त.

ता.ता.ता.क. दुकानावर पाटी चढली, ‘शैलजाज’. सगळे विचारतात, या शैलजा कोण? मी सांगितलंय, मालकीणबाई आहेत, रजेवर गेल्यात. तेव्हा मावशी, रजा संपली. कामावर हजर हो.