चारच बटणं, सगळीकडे

३ नोव्हें., सोम.
उजवं मनगट. माउस धरला की अंगठ्यापासून कोपरापर्यंत कळ. डॉ. म्हणाल्या, "सहा आठवडे माउस बंद. नाहीतर इंजेक्शन, मग पुढचं पुढे." माउस बंद करून मी करू काय, पोळ्या? त्याही उजव्याच हाताने. ऑफिसात बोलले नाही. नोकरीचा चौथा महिना चालू, सहा झाल्याशिवाय कायम करत नाहीत. घरून काम, म्हणून झाकलं जातंय.

४ नोव्हें.
ठरलं. सगळं कीबोर्डवर. पण विंडो बदलायच्या तर एक प्रकारची बटणं, कोड लिहायच्या एडिटरमधले कप्पे बदलायचे तर दुसरी, कमांड द्यायच्या काळ्या टर्मिनलमधले कप्पे म्हटले की तिसरीच. बोटांना कळत नाही आपण आहोत कुठे. मला एकच चाल हवी. एक बटण दाबून ठेवायचं आणि h j k l: डावी, खाली, वर, उजवी. एडिटरची कड संपली की टर्मिनल, ते संपलं की पुढची विंडो. मध्ये कुठेही अडखळायला नको.
प्रशांत : "तुला हात बरा करायचाय की नवीन खेळणं हवंय?" दोन्ही. नवऱ्याला सगळं सांगायचं नसतं.

६ नोव्हें.
दोन दिवस यातच. h दाबलं की डावीकडे जायचं सोडून अक्षर पुसतं. l दाबलं की टर्मिनलचा अख्खा पडदा कोरा. ऑफिसची दोन कामं मागे पडली. मनगटाला आराम, डोक्याला मुळीच नाही. जेवताना बोटं ताटाच्या कडेवर h h l.

११ नोव्हें., मंगळ.
जमलं!! दिवसभर माउसला हात नाही. एक सोय माझ्या मनाची : डाव्या टोकाला असताना आणखी डावीकडे गेलं की फिरून थेट उजव्या टोकाला. लहान मुलासारखी गोल गोल फिरत बसले.

१३ नोव्हें., गुरु.
काय करून बसले.
डाव्या टोकाला माझा चाचणीचा सर्व्हर, उजव्या टोकाला गिऱ्हाइकाचा, चालू असलेला. दोन्हीकडे तोच काळा पडदा. चाचणीचा बंद करायचा होता. डावीकडे जायला h दाबलं. मी आधीच डाव्या टोकाला होते. फिरून उजवीकडे. न बघता कमांड, एंटर. गिऱ्हाइकाच्या ऑर्डरी घेणंच बंद. उठवायला अकरा मिनिटं लागली.
ग्रुपवर विचारणा, कोणी केलं? त्या सर्व्हरचं लॉगिन माझं आणि टीममधल्या जोएलचं एकच. तोही तेव्हा आत होता. मी गप्प.

१४ नोव्हें.
जोएलचा फोन. "मी आतच होतो ना तेव्हा. माझ्याच हातून झालं असणार, आठवत पण नाय. सॉरी बोलून टाकतो, विषय खतम."
म्हटलं, थांब जरा. का थांब, ते सांगितलं नाही. स्वतःची किळस आली.

१५ नोव्हें., शनि.
सासऱ्यांना सांगितलं. अण्णा तीस वर्षं गोखिवऱ्याच्या कारखान्यात लेथ मशीनवर. डाव्या तर्जनीचं तुटकं नख पुढे केलं. "शेठला सांगितलं, बोट दारात सापडलं. मशीन खराब आहे म्हटलं असतं तर मलाच काढला असता. दुसऱ्या दिवशी त्याच मशीनवर दुसरा कामगार बसवला."
"त्याचं काय झालं?"
"काही नाही. पण मी आठ तास त्याच्या हाताकडे बघत होतो."
मग विचारलं, "तुझं ते फिरून येणं बंद केलंस का?" नव्हतं केलं. सेटिंगमधल्या त्या दोन ओळी पुसल्या. आता कड आली की थांबतं. गिऱ्हाइकाच्या कप्प्याला लाल रंग.

१६ नोव्हें., रवि.
जोएलला फोन. पोरांना घेऊन कळंबच्या समुद्रावर होता, मागे वारा आणि आरडाओरडा. सगळं सांगितलं. तो म्हणाला, "दोन दिवस मी स्वतःला शिव्या घालतोय." फोन ठेवला.

१७ नोव्हें., सोम.
मॅनेजर मॅडमना चूक सांगितली, हात सांगितला. "कधीपासून दुखतोय?" म्हटलं, मागच्या महिन्यापासून. त्या म्हणाल्या, "आता ऑफिसचाच लॅपटॉप, त्यावर स्वतःचं काही टाकायचं नाही. सर्व्हरला हात लावू नकोस. शुक्रवारी बोलू, कायम करायचं की नाही तेही."
माझ्या चार बटणांशिवाय हा हात दोन दिवस टिकणार नाही, हे बोलायचं राहिलं. की बोललेच नाही.

२० नोव्हें., गुरु.
लॅपटॉप आला. दुपारपर्यंत माउसवर काम केलं, मग मनगट बर्फात. काम सोडवत नाही. दुसरं काही येतही नाही मला, आणि हेच आवडतं.
प्रशांत : "नाही म्हणाले तर?" चिडले त्याच्यावर. उगाच.
संध्याकाळी जोएलचा मेसेज, चार दिवसांनी. "उद्या मीटिंगला मी पण आहे. तू काय बोलणार ते ह्या वेळी आधी सांग."
डाव्या हाताने लिहिलं : उद्या हे सांगणार, मनगट मागच्या महिन्यापासून नाही, ही नोकरी लागायच्या आधीपासून दुखतंय. मुलाखतीतही लपवलं होतं.
पाठवलं. त्याने वाचलंय.